बारावा फोटो आभाळाचा

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात गुलाबकाकांचा फोटो स्टुडिओ होता. म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि दारावर पाटी. आत उजेड नव्हता, म्हणून फोटो मागच्या अंगणात निघत. दोघांनी पांढरं धोतर ताणून धरायचं, गिऱ्हाइकानं त्याच्यापुढे बसायचं, आणि हायवेवरच्या ट्रकांनी सगळ्यांवर सारखीच धूळ उडवायची.

काकांचा हात चांगला होता, पण त्यांना एक खोड होती. रिळात बारा फोटो निघत. अकरा गिऱ्हाइकांचे आणि बारावा आभाळाचा, हा त्यांचा नेम. त्यात वारा सुटला आणि ढग पळायला लागले की नेमही पळायचा. एका लग्नात नवरदेव गॉगल लावून तासभर ताटकळला आणि काका शेजारच्या कौलांवर चढून ढग टिपत बसले. नवरदेवाचा मामा भांडायला आला, तर काकांनी त्याला एकेका ढगाची सविस्तर ओळख करून दिली. त्यांच्या बायकोचं, मंगलाकाकूंचं म्हणणं असं, की या माणसाऐवजी पावसाशी लग्न केलं असतं तर बरं. तो निदान आठ महिने घराबाहेर राहतो.

साल सत्त्याहत्तर. मला मास्तरकीच्या कोर्सला जायचं होतं. बाबा दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबत आणि आई त्याच बांध्यांत रोवणी करी. आमच्या घरात खडू कुणी हातात धरलेला नव्हता. फॉर्म चुकला असता तर पुढच्या वर्षी माझा फोटो लग्नातच निघाला असता. स्थळ सांगून आलेलंच होतं.

काकांनी माझा फोटो काढला आणि आठ दिवसांनी बोलावलं. तो फॉर्मचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचच्या आत भंडाऱ्याला फॉर्म पोचवायचा होता. मी फोटो हातात घेतला. माझ्या कपाळाच्या जागी ढग होता. ढगातून एक डोळा बाहेर बघत होता. वेणी तेवढी जिथल्या तिथे होती.

त्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर हातानं चावी फिरवून रीळ पुढे सरकवावं लागे. माझा फोटो काढल्याबरोबर काकांना वर ढग दिसला, आणि चावी फिरवायचं भान राहिलं नाही. मी आणि तो ढग एकाच जागेवर उमटलो होतो. काका फोटोकडे बघत होते, आणि मला संताप याचा आला की ते खूश दिसत होते.

मी आईबाबांना घेऊन आले. कॅमेऱ्यात एका बारशाचे अकरा फोटो काढलेलं रीळ होतं, एकच जागा उरलेली. नवीन रीळ भंडाऱ्याशिवाय मिळत नसे, आणि भंडाऱ्याचे स्टुडिओ फोटो त्याच दिवशी देत नसत. म्हणजे आज जो काही फोटो निघायचा तो हा बारावाच होता.

वारा असा की धोतर बाबांच्या हातून सुटून आईच्या तोंडावर गेलं. दोनदा बाबाच त्यात गुंडाळले गेले. सूर्य ढगाआड गेला की अंगणात अंधारून यायचं, काका हात वर करून थांबवायचे, ऊन पडेपर्यंत धोतर उडालेलं असायचं. असे दोन तास गेले. मला रडू येत होतं, आणि रडका चेहरा फॉर्मवर चालतो का, तेही माहीत नव्हतं.

मग एकदम लख्ख ऊन पडलं. धोतर ताठ राहिलं. आणि त्याच वेळी बांध्यांच्या वर एक ढग उभा राहिला, कडा पेटलेल्या, खालून जांभळा, भरल्या पोत्यासारखा फुगलेला. माझ्याकडे रोखलेला कॅमेरा हळूहळू तिकडे वळला. काकांचं बोट बटणावर होतं.

मी ओरडले नाही. एवढंच म्हणाले, "काका, ढगाले नौकरी नाई लागत. मले लागते."

कॅमेरा परत वळला. टक् असा आवाज झाला. लगेच ऊन गेलं, ढगाच्या कडा विझल्या. काका रीळ संपलेल्या कॅमेऱ्यासकट तिकडे बघत उभे राहिले. मला त्यांची दया आली नाही. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. त्याच वाऱ्यावर त्यांनी धुतलेलं रीळ वाळवलं आणि फोटो ओलसर असतानाच फॉर्मवर चिकटवला. पाचला दहा मिनिटं कमी असताना भंडाऱ्याच्या कारकुनानं त्यावर शिक्का मारला.

दया आली ती फार उशिरा, चौऱ्याऐंशीत. तोवर मी दिघोरीच्या शाळेत बाई झाले होते. एका सुटीत भंडाऱ्याहून कोरं रीळ घेतलं, शहापूरला गेले आणि काकांच्या हातात ठेवलं. बाराच्या बारा तुमचे, म्हटलं, एकही माणूस काढू नका. भर वाऱ्याचा दिवस होता. काकांनी अंगणात उभं राहून अकरा ढग काढले. बाराव्याला मला धोतराशिवाय, नुसत्या आभाळापुढे उभं केलं.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. त्यात अकराच फोटो होते. शेवटच्यात माझ्या कपाळावर पुन्हा ढग, आणि ढगातून बघणारा एक डोळा. मागे काकांनी लिहिलं होतं, "चाबी फिरवाचं इसरलो."

या वेळी कुठला फॉर्म भरायचा नव्हता. मी तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला, आणि काका खोटं बोलताहेत हे मी ओळखल्याचं त्यांना कधीही सांगितलं नाही.