मिरजेतला घरचा माणूस

सातारा स्टेशनवर सकाळची गाडी धरली तेव्हा पुतण्याला वाटलं, काका मिरजेला डोळे दाखवायला चाललेत. मी चाललो होतो माझ्या वाढदिवसाला. दारू सोडलेल्यांच्या बैठकीत, दारू सुटली तो दिवस दरवर्षी वाढदिवस म्हणून साजरा करतात. घरचं माणूस पुढे येतं, हार घालतं आणि आधी घरात काय काय व्हायचं ते चारचौघांत सांगतं.

साताऱ्याच्या बैठकीत मी म्हणालो होतो, मला यशवंत हार घालेल, आम्ही दोघं एकमेकांचे आहोत. प्रमुख म्हणाले, "आवं फौजी, हितं फक्त दारूचं बोलायचं. हाराला बहिणीला आणा." चोरी, मारहाण, बायकोचे विकलेले दागिने, सगळं त्या खोलीत खपत होतं. माझं प्रेम तेवढं खपेना! त्या दिवशी चहाचा ट्रे माझ्यासमोरून सरळ पुढे गेला.

कऱ्हाडला एक आडदांड गृहस्थ शेजारी येऊन बसले. माझ्या मिशा बघून म्हणाले, "मिलिट्रीतलं काय? मग कँटीनच्या बाटल्यांचा कोटा उचलता का न्हाई?"

"सोडली मी."

"मग कार्ड मला द्या की! पाव्हण्यांची जत्रा हाय."

डबा हसला. मी नाही म्हणालो आणि कार्डाचा खिसा दाबून धरला. त्यांनी राग न धरता भडंगाचा (मसालेदार चुरमुरे) पुडा पुढे केला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. बाहेर दोन्ही अंगांना ऊसच ऊस होता.

मिरजेला फलाटावर यशवंत उभा होता. आमच्या आळीत आजही सांगतात, मला दारू यशवंतनं लावली. साफ खोटं! मी फौजेतूनच पीत आलो होतो. तो माझ्या बाटल्या हिसकावून मोरीत ओतायचा. त्याच्या परसात रिकाम्या बाटल्यांचा ढीग दिसला आणि गावानं ठरवून टाकलं. आम्हा दोघांबद्दल कुजबुज होतीच, बाटल्यांचं निमित्त मिळालं. त्याला गाव सोडायला लावलं, तो मिरजेला येऊन राहिला. मी पारावर होतो. गप्प.

बैठक तंबोरे बनवणाऱ्या कारखान्यामागच्या खोलीत होती. भिंतीला सुकलेले भोपळे टांगलेले. आठदहा जण, सगळे आमच्यासारखे, आपलं माणूस लपवून दारूत बुडालेले. बैठक चालवणारी शैला नर्स आहे, मैत्रिणीबरोबर संसार करते. तिनं माझ्याकडे हात करून विचारलं, "मामांच्या घरचं कोण?"

यशवंत उठला. "मी हाय."

हार घालताना माझ्या कानाला अडकला. "लय तरास दिला ह्यानं," तो म्हणाला. "प्याला की माझ्या दारात येऊन गायचा. म्हशी बिचकून दूध चोरायच्या, पान्हा सोडायच्या न्हाईत." खोली खळखळून हसली. मग तो माझ्याकडे वळला. "पर मला गावातनं काढलं, तवा ह्यो बोलला न्हाई. ते दारूपरास लागलं."

शैला म्हणाली, "मामा, बोला."

"हितं न्हाई," मी म्हणालो. "गावात बोलतो."

परतीच्या गाडीत मला गावाचा संताप आला, तसा स्वतःचाही. साताऱ्याहून मिरज अर्ध्या दिवसाची वाट. तरी इतकी वर्षं यशवंतच साताऱ्याला येऊन मला स्टँडवर भेटायचा, बैठकीला धाडून परत जायचा. गावाची शिक्षा मी त्याला एकट्यालाच भोगू दिली होती.

सातारा स्टेशनवर पुतण्या मोटारसायकल घेऊन आला होता. पाराजवळ येईतो मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर नव्हता. यशवंत होता. त्यानं दारू लावली नाही, सोडवली. आणि तो माझा माणूस आहे.

"काका, हळू बोला," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पारावर सगळी बसल्यात."

"म्हणूनच हितं गाडी थांबीव."