दोनदा लागलेली बॅटरी

आधीच कबूल करतो, चूक माझी होती. भास, भुतं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरीही हे लिहितोय...

मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो. वडील, म्हणजे आमचे नाना, नरडाण्याजवळच्या गावी असायचे. तरुणपणी ते तंबूतल्या टॉकीजवर कामाला होते. मशीनच्या घरघरीत ऑपरेटरला पडद्याकडचा आवाज कळायचा नाही, म्हणून नाना पडद्यापाशी उभे राहायचे. ओठ आणि आवाज जुळले की हातातली बॅटरी दोनदा लावून खूण करायचे — जुळलं, चालू दे! ती पितळी बॅटरी त्यांनी शेवटपर्यंत जपली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी वायरलेस स्पीकर आणले. नाना आले होते, धुळ्याचे साडूही होते. लॅपटॉप टीव्हीला जोडून सिनेमा लावला. पाच मिनिटांत नाना म्हणाले, "भाऊ, व्हट पहिले हालतस, आवाज मांगून येस."

मी म्हणालो, "स्पीकर नवा शे नाना, तुमना कान जुना शेतस!"

साडू खो खो हसले. "आते तंबू नही नाना, टीव्ही शे!"

नानाही हसले. पण खूण करायला हातात धरलेली बॅटरी त्यांनी पिशवीत टाकली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने गावी गेले. नंतर फोनवर मी सगळं बोललो... पीक, पाणी, गुडघे. त्या थट्टेचं तेवढं एक नाही. पुढच्या उन्हाळ्यात नाना वारले. बॅटरी मी घरी आणली, सेल काढले आणि शोकेसमध्ये ठेवली.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मुलगी सिनेमा बघत होती. म्हणाली, "पप्पा, त्या दिवाळीत नाना बरोबर बोलत होते. ब्लूटूथचा आवाज उशिराच पोचतो. प्लेअरमध्ये तो पुढे ओढायची सेटिंग असते."

मी जेवत होतो. ताट सरकवून लॅपटॉपपाशी बसलो. एका टिचकीला आवाज पन्नास मिलिसेकंद पुढे. दोन टिचक्या, तीन, चार... कधी जुळल्यासारखं वाटे, कधी नाही. मला ती नजरच नाही. आज नाना असते तर, असं सारखं मनात येत होतं. पाचवी टिचकी मारली —

टीव्हीशेजारच्या भिंतीवर पिवळा गोल उजेड पडला. विझला. पुन्हा पडला.

"पप्पा... बॅटरी कोणी लावली?"

पडदे ओढलेले होते. बॅटरी शोकेसमध्येच होती. उघडून पाहिली, आत सेल नव्हते. काच मात्र कोमट लागली. आणि टीव्हीवर ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळले होते.

 

त्याच दुपारी मी बॅटरी, दिवाळीत नाना बसले होते त्या खुर्चीवर ठेवली, साडूंना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि त्यांना ऐकू जाईल असं, मुलीच्या देखत म्हणालो, "नाना, चुकनं मन्हं. तुमना कान बराबर व्हतात. माफ करा माले."