बोटीवरचा असेंब्ली पॉइंट

काळेवाडीतल्या माझ्या ट्रॅव्हल एजन्सीत एक गृहस्थ सलग तीन दिवस रोज आले. चाकणच्या कंपनीत कामाला, वय पन्नाशीपुढचं. शिफ्ट सुटली की युनिफॉर्मवरच यायचे. खुर्चीच्या कडेला बसून खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरायचे, जणू खुर्चीच हलतेय. बायकोला समुद्र बघायचा होता, म्हणून मुंबई-गोवा क्रूझ. त्यांना मात्र पाण्याची भीती.

"बोटीवर असेंब्ली पॉइंट कुठं हाय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. कंपनीत आग लागली तर कुठं जमायचं, ते आधी दाखवतात. "पर तिथं तर चारी बाजूंनी पाणीच की."

मी क्रूझवाल्यांना फोन लावून जागा विचारली. मी सांगितली तशी या गृहस्थांनी ती तळहातावर लिहून घेतली.

"पोरगा म्हनतो, मोबाइलवर बुक करा. पर भ्या वाटलं तर मोबाइलला काय इचारू?" मग हळूच म्हणाले, "तुमी गेलाय न्हवं बोटीत?"

"दोनदा," मी म्हणालो. तेव्हा कुठं ते खुर्चीला टेकले.

आज त्यांची बोट सुटली. मी उभ्या आयुष्यात बोटीत पाय ठेवलेला नाही. फोन सकाळपासून हातातच आहे, आणि तो वाजू नये असं वाटतंय.