माझं निरोगी रक्त

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — आईलाही नाही. आता लिहायला बसलोय आणि मन हलकं आहे. बोटं मात्र रोज सकाळी असतात तशीच, जराशी आखडलेली. त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

मी उमरेडकडच्या एका लहान गावातला. घरात पदवी घेतलेला पहिलाच. आईला संधिवात, तिची बोटं वाकडी होत गेलेली मी शाळेपासून पाहिली. म्हणून नागपुरात या प्रयोगशाळेत जागा मिळाली तेव्हा किती आनंद झाला, काय सांगू! आमचं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर. तुम्हाला ठाऊक आहे का — जंतू आला की यातल्या काही पेशी स्वतःच्या पोटातले डीएनएचे धागे बाहेर फेकतात? जाळंच ते. जंतू त्यात अडकतो. पण तेच जाळं विनाकारण पडलं, किंवा वेळेत साफ झालं नाही, तर आपल्याच सांध्यांना जाचतं. सूज येते, आणि सुजेमुळे आणखी जाळी पडतात.

माझी सहकारी वर्षा संधिवाताच्या रुग्णांचं रक्त निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून पाहायची. निरोगी रक्त आणायचं कुठून? आमची रीत अशी, की आपल्यातल्याच कुणीतरी बाही वर करायची. बहुतेकदा मीच करायचो. माझी शीर चटकन सापडायची. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दर वेळी विचारायच्या, "तब्येत बरी आहे ना?" मी मान हलवायचो.

बरी नव्हती. त्या हिवाळ्यात सकाळी माझ्याच्यानं बाटलीचं झाकण फिरत नव्हतं. चहाच्या गरम ग्लासाभोवती बोटं धरून बसायचो, मग ती जरा सुटायची. हे काय आहे ते मला कळत नव्हतं? लहानपणापासून दुसरं काय पाहिलं होतं मी?

मग एक दिवस वर्षानं सूक्ष्मदर्शकाखाली माझं रक्त पाहिलं. निरोगी पेशी गोल, शांत ठिपक्यांसारख्या दिसायला हव्यात. तिथे रंग दिल्यामुळे हिरवे चमकणारे धागे पसरले होते — रुग्णांच्या रक्तात दिसतात तसेच. मीही डोळा लावला. मला तिथेच समजलं.

तिला मात्र वाटलं, आपलंच चुकलं. रक्त जोरात हलवलं तरी या पेशी बिथरतात आणि जाळी टाकतात; त्यामुळे सगळ्यांनाच तसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "अवं वर्षा, रक्त आहे ते, ताक नाही. काहून इतकं घुसळून राहिली?" सगळे हसले. कुणीतरी तिचं नाव 'मिक्सर' ठेवलं. मी — मीही हसलो. पुढे त्याच नावानं तिला हाकही मारली.

तिनं प्रयोग पुन्हा केला. आणखी हलक्या हातानं, श्वास रोखून. आणि रक्त पुन्हा माझंच. 'आज दुसऱ्या कुणाचं घे' — एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तिनं कारण विचारलं असतं तर? आजारी म्हटलं की जागा जाईल, गावी परतावं लागेल, असं मी धरून चाललो होतो. मी बाही वर केली.

शेवटी तो प्रयोग तिच्याकडून काढून घेतला. ज्याला दिला त्यानं स्वतःचं रक्त वापरलं, आणि सगळं नीट जमलं. म्हणजे दोष वर्षाच्या हातांचाच, हे पक्कं झालं. तिनं संशोधन सोडलं. मी गुपचूप डॉक्टर गाठला, गोळ्या सुरू केल्या, आणि इतकी वर्षं टिकलो.

रविवारी हुडकेश्वरला तिच्या घरी गेलो. आता ती तिथे शिकवण्या घेते. मी सगळं सांगितलं. मॅडमनाही सांगणार आहे, म्हणालो — सोमवारी सांगितलंही.

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"म्हणजे माह्या हातानं झालं नव्हतं ते?"

"नव्हतं."

"अन् तू मले मिक्सर म्हणत होता."

"हो."

ती उठून आत गेली. मी बसून राहिलो. इतक्या वर्षांनी छाती भरून श्वास घेता येत होता. तिनं जा म्हटलं असतं तर मी तसाच निघालो असतो.

ती चहा घेऊन आली. कप काठोकाठ भरलेला. तो माझ्यासमोर ठेवून ती समोर बसली. बशीत एक थेंबही सांडला नव्हता.