हातानेच लावलेले नट

"ताई, ह्यांना कधीची उठवतेय, उठतच नाहीत..." वैशालीचा, माझ्या भावजयीचा, फोन आला तेव्हा मी कशेळीला माझ्या घरी जेवायला बसत होते. माहेरी, खारबावला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात हरेशची गाडी पुढून उचललेली, स्टँडवर उभी, बॉनेट उघडं, चाकं काढून भिंतीला टेकवलेली. माझा धाकटा भाऊ सकाळी नवे शॉकअप बसवून, वरचे नट नुसते हाताने फिरवून, "जेवून आवळतो" म्हणत आत गेला होता. जेवला, आडवा झाला, तो झालाच. महिना उलटून गेला, आणि खरं सांगते, मला अजून नीट रडायचंही त्राण नाही.

हरेश राहनाळच्या गोदामात सुपरवायझर होता. आमच्याकडच्या रस्त्यांवर शॉकअप फार टिकत नाहीत. एकदा कुठल्याशा गॅरेजवाल्याने चाक लोंबतं असतानाच हवेच्या गनने टर्रकन नट आवळून दिले, आणि पुढे कित्येक दिवस गाडी खडखडत राहिली. तेव्हापासून ते काम तो अंगणातच करायचा. "बाय, गाडी हवेत असताना आवळलं तर रबर पिळलेलंच ऱ्हातं. वजन टेकूदे, मंग आवळायचं." मला तो बायच म्हणायचा. गाडी चाकांवर उतरवली की झालं, एवढाच खरा नियम. पण ह्याचं एकेक खूळ! वजन म्हणजे माणसांसकट वजन, असं म्हणून तो अख्ख्या घराला गाडीत बसवायचा. आई मागे खिडकीशी, मी तिच्या शेजारी, वैशाली पुढे हातातलं लाटणं-पोळपाट टाकून. शेजारीण विचारायची, "कुठं निघाल्या गं सगळ्या?" आई ठसक्यात सांगायची, "कुठं न्हाय. नट आवळायला बसलोय." हसून हसून पुरेवाट व्हायची. तो बाहेरून ओरडायचा, "हलू नका गं!"

दहावं-बारावं त्या उचललेल्या गाडीला वळसा घालूनच झालं. मांडववाले म्हणाले, बाजूला घेऊ. आई म्हणाली, "हात लावायचा न्हाय." तेव्हा कोण वाद घालणार? पण वैशाली गोदामांतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवते. ते ती स्वतः गाडी चालवत न्यायची, आणि आता घर तेवढ्यावरच चालायचं होतं. रिक्षात डबे कलंडायचे, आमटी सांडायची, ती बिचारी परत आली की पायरीवर बसून राहायची. हरेशचा दोस्त सलीमभाई, जातीचा मेकॅनिक, दोनदा येऊन गेला. "अम्मा, दो मिनट का काम है." आई दारातून हलली नाही. "माझ्या लेकाचा शेवटचा हात हाय त्यावर. तू पाना लावलास की गेला तो हात."

मी चिडकी बाई, शेवटी माझा तोल गेलाच. "आई, तो त्या नटात न्हाय गं!"

"मंग कुठं हाय? सांग तू."

किती दमलो होतो आम्ही सगळ्याच.

मग वैशाली आईजवळ जाऊन बसली. "आई, त्यांनी हाताने लावले ते आवळायसाठीच ना? अर्धं काम टाकलेलं त्यांना खपलं असतं का?"

आई भिंत धरत उठली, गाडीपाशी गेली, उघड्या बॉनेटमध्ये वाकून तिने एकेका नटावर बोट टेकवलं. एक जरा फिरलासुद्धा. "ढिला हाय," एवढंच म्हणाली, आणि बाजूला झाली.

सलीमभाईला बोलावलं. त्याने चाकं चढवली, गाडी खाली उतरवली. मग पुरतं आवळलं की कट् वाजणारा पाना वैशालीकडे दिला आणि म्हणाला, "भाभी, आप ही करो. कट् आवाज आया के रुकना." तोवर आई मागचं दार उघडून खिडकीशी जाऊन बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले.

बॉनेट उघडं असलं की आतून पलीकडचं माणूस दिसत नाही. नुसता आवाज येतो. पाना फिरत होता, थांबत होता, परत फिरत होता. कट्. आईने माझा हात धरला. कट्. आम्ही जराही हललो नाही. त्या तेवढ्या वेळात माझ्या लेखी काही म्हणजे काही घडलेलं नव्हतं, पलीकडे हरेशच होता, देवाशप्पथ. आईचंही तसंच असणार, कारण शेवटचा कट् वाजला तशी ती काचेतून मोठ्याने म्हणाली, "झालं का रे?"

बॉनेट खाली आलं. पलीकडे वैशाली उभी होती.

"झालं, आई," ती म्हणाली.