दीड सुताचा बाक

वहिनींच्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्यांचं नाव होतं ते एकाच कामासाठी: ब्रेकचा पाइप ते नुसत्या अंगठ्यांनी वाकवत. गाडीच्या पोटाखालून चाकापर्यंत ब्रेकचं तेल नेणारा तो पोलादी पाइप जेमतेम दीड सुताचा, पेन्सिलीहूनही बारीक. जरा घाई केली की बाकाच्या आतल्या अंगाला चुणी पडते, आणि चुणी पडलेला पाइप आज ना उद्या तिथेच चिरतो. मिस्त्रींच्या हातून वीस वर्षांत चुणी पडली नव्हती. "पाइपच सांगतो थांब म्हणून," ते म्हणायचे, "आपण फक्त ऐकायचं."

मग अर्धांगाचा झटका आला. पाचेक महिन्यांत ते पायावर उभे राहिले, बोलणं सुधारलं, उजवा हातही उचलायला लागले. बोटं मात्र बधिरच राहिली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. एकदा चुलीवरून उतरवलेलं कढत भांडं ते उजव्या हातात निवांत धरून उभे होते, तेव्हा वहिनींच्या ते लक्षात आलं. तरीही, दीड महिन्यापूर्वी ते पुन्हा कामाला बसले तेव्हा त्या गप्प राहिल्या. घरात बसून माणूस खंगत चालला होता. त्याला कोणत्या तोंडाने नको म्हणायचं?

पाइप कापायचा, टोकं घासायची, ती दाबात धरून नट अडेल अशी कर्ण्यासारखी फुलवायची, ही कामं कितीतरी वर्षं वहिनींकडेच होती. बाक फक्त मिस्त्रींचा.

त्या दिवशी भल्या सकाळी शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला, मागच्या चाकाचा पाइप करून घेतला, दारातच बसवला आणि मुलांना आणायला गेला. मिस्त्रींनी आधी केलेला एक पाइप बोटभर आखूड पडला होता. तो तसाच ट्रेमध्ये राहिला. अकराच्या सुमारास आवराआवर करताना वहिनींनी तो उचलला, सवयीने बाकावरून बोट फिरवलं, आणि बोट अडलं. 

"अहो, हा सकाळचाच ना?"

"आखूड पडला तो. का गं?"

"चुणी आहे याला."

"काहीतरीच. आण इकडे." मिस्त्रींनी उजव्या हाताने चाचपला. "कुठाय?" पुन्हा चाचपला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पाइप उचलून हळूच स्वतःच्या ओठावरून फिरवला. एकदाच. पाइप त्यांनी खाली ठेवला.

ड्रायव्हर फोन उचलेना. वहिनी मिळेल त्या गाडीने शाळेत पोचल्या. मैदानाच्या कडेला बस उभी होती आणि ड्रायव्हर मागच्या सीटवर तोंडावर रुमाल टाकून घोरत होता. त्याला न उठवताच त्या बॅटरी घेऊन बसखाली शिरल्या. पाइप कोरडा होता. पण बाकात तशीच चुणी, उलट जास्तच खोल.

"वहिनी, सकाळी पन्नास मुलं आणली मी," ड्रायव्हर उठून वैतागला. "ब्रेक लोण्यासारखा लागतोय."

"लागतोय तोवर लागेल. तुमच्या वाटेत उतार आहे ना?"

त्याने रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाला, "साडेचारला शाळा सुटते. दुसरी बस नाही."

"चारला पाइप घेऊन येते," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. रस्त्याला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आणणार म्हणजे वाकवणार कोण? त्यांनी पूर्वी अंगठ्यांनी करून पाहिलं होतं. दहातले आठ चपटे झाले होते.

त्या हत्यारांच्या दुकानात गेल्या. पिशवीत पाइपचा तुकडा आणि टोकाचा नट होतेच. दुकानदाराने पाइप वाकवायचा पहिला बेंडर काढला तो दोन सुताचा. वहिनींनी खाचेत तुकडा ठेवला तर तो डुगडुगला.

"चालतं हो, सगळे हाच नेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळ्यांच्या गाड्यांत मुलं नसतात."

दुसऱ्यावर तीन मापांच्या खाचा होत्या आणि दीड सुताची अगदी बरोबर होती. वहिनींचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्यांनी टोकाचा नट धरून पाहिला. बसला बाक हवा होता नटापासून बोटभर अंतरावर, आणि या बेंडरची चकती एवढी मोठी की चार बोटं सरळ पाइप सोडल्याशिवाय वाकवताच येईना. तिसरा नव्हताच. त्या रिकाम्या हाताने घरी आल्या तेव्हा एक वाजून गेला होता.

मिस्त्री जमिनीवर बसले होते. डाव्या हाताने खडूने फरशीवर काहीतरी काढत होते, लहान मुलासारखं वाकडंतिकडं. एक छोटी चकती, कडेला गोल खाच, शेजारी रोलर, रोलरला लांब दांडा.

"चकती लहान घे," मान वर न करता ते म्हणाले. "पाइप खाचेत गच्च बसला पाहिजे. हलला की चपटा झालाच. टर्नरला सांग, खाच पाइपच्या निम्म्याइतकी खोल."

टर्नर पुढच्या गल्लीत. त्याने हातातलं काम बाजूला ठेवून लेथवर चकती कातली, पण पहिली खाच केसभर सैल झाली. वहिनींनी तुकडा वाकवून पाहिला, बोट फिरवलं, आणि मान हलवली.

"वहिनी, एवढ्याशाने काय होतंय?" टर्नर म्हणाला.

"भाऊ, दुसरी करा."

दुसऱ्या चकतीत पाइप टक्कन बसला. पट्टीवर चकती न् दांडा जोडेपर्यंत पावणेतीन झाले. घरी येऊन वहिनींनी तुकडा अडकवला आणि दांडा ओढला. पाइप चकतीभोवती सावकाश वळला. आतलं अंग गुळगुळीत. दुसरा तुकडा, तोही गुळगुळीत.

मग खरा पाइप. मापाने कापला, एक टोक फुलवलं, तीन बाक घेतले, दुसरंही टोक फुलवलं.

"नट," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी पाहिलं. दुसरा नट ट्रेमध्येच. टोक फुलवल्यावर तो काही केल्या चढत नाही. एरवी या चुकीवर दोघं पोट धरून हसले असते. आता वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. मिस्त्रींनी नवा पाइप डाव्या हाताने पुढे सरकवला आणि दोन्ही नट स्वतः ओवले. "आता कर."

चार वाजून दहा मिनिटांनी त्या बसखाली होत्या. पाइप बसवला, तेल भरलं, हवा काढली, जोडांना कोरा कागद गुंडाळला. "दाबा. जीव खाऊन दाबा." ड्रायव्हरने वीस वेळा दाबलं. कागद कोरडा. घंटा झाली, मुलं धावत सुटली, कुणीतरी बॅटरी कशाला म्हणून विचारलं. बस फाटकातून बाहेर पडून वळली तरी वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्या घरी पोचल्यावर पावणेसहाला ड्रायव्हरचा फोन आला, सगळी मुलं घरी, पाइप कोरडा, तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

मिस्त्री मात्र अजून फरशीकडेच बघत होते. "दीड महिन्यात आणखी आठ गाड्या झाल्यात," ते म्हणाले. "सगळ्यांना बोलवायला हवं."

"काय सांगायचं?"

"जे आहे ते. बोटांना कळत नाही म्हणून."

ते फोन त्यांनी स्वतः केले. दोघांनी शिव्या दिल्या, एकाने तब्येत विचारली. आठवडाभरात सात गाड्या येऊन गेल्या. चार पाइपांत चुणी निघाली, वहिनींनी सातही बदलले. आठवा होता एक निळा टेम्पो. मालकाने तो विकला होता, आणि घेणाऱ्याचा म्हणून दिलेला फोन कधी लागलाच नाही. हाती राहिला तो फक्त गाडीचा नंबर.

आता बाक वहिनी घेतात, टोकं मिस्त्री डाव्या हाताने फुलवतात, काम चांगलं चाललंय. पण रस्त्यात निळा टेम्पो दिसला की दोघंही बोलता बोलता थांबतात आणि मागची नंबरपाटी वाचतात.