बर्फातला सेन्सर

आमचा दादा म्हणजे दीडशहाणा. औषधांची थंड गाडी चालवतो आणि तोरा असा, जणू औषधं ह्यानंच शोधून काढली. मी धाकटी बहीण आहे, त्याचं कौतुक करायची सक्ती माझ्यावर नाही.

कंपनीनं सगळ्या गाड्यांच्या मागच्या कप्प्यात सेन्सर बसवले. आत थंडी किती आहे ते सेन्सर ऑफिसला सतत कळवायचा. थंडी कमी झाली की लगेच ड्रायव्हरला फोन आणि माल जवळच्या शीतगृहात. बाकीचे ड्रायव्हर खूश झाले, कारण माल नासला की आळ त्यांच्यावरच यायचा. ह्याचं मात्र पित्त खवळलं. "मी काय चोर आहे? माझ्यावर पहारा?"

इकडे घरी आईची साखर उतरत नव्हती. इन्सुलिन मीच टोचायचे. डोस वाढवला तरी ढिम्म फरक नाही. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तर हा आईवरच खेकसला. "चोरून गोड खातेस! ह्या वयात लाज नाही वाटत?" तिच्या उशीखाली हात घालून बिस्किटं शोधली मेल्यानं! मग खाऊच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गाडीच्या जुडग्यात अडकवली. आई शपथा घेऊन थकली. शेवटी मला म्हणाली, "झोपेत उठून खात असेन का गं मी?"

एक दिवस तो जेवणाचा डबा विसरला, म्हणून भर दुपारी मी गोदामावर गेले. गाडी उन्हात उभी, कूलिंग बंद आणि साहेब केबिनमध्ये घोरताहेत. कूलिंगच्या घरघरीनं झोपमोड होते ना ह्यांची! मागचं दार उघडलं तर गरम झळ तोंडावर आली. कोपऱ्यात बर्फाची पेटी होती. सेन्सर उचकटून तिच्यात ठेवलेला, ऑफिसला गारवा कळवत बसलेला. शेजारीच आईला टोचते त्याच इन्सुलिनची खोकी, कोमट. तापलेल्या इन्सुलिनला काय गुण येणार! आईचं औषध ज्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते, तिथे माल हाच उतरवतो.

माझं डोकंच फिरलं. गाडीवर लिहिलेल्या कंपनीच्या नंबरावर तिथूनच फोन लावला. तो डोळे चोळत आला आणि गयावया करायला लागला. "अगं, नोकरी जाईल माझी!"

"खड्ड्यात गेली तुझी नोकरी," मी म्हटलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. अंगठ्याचं तिनं काहीच विचारलं नाही. "म्हणजे मी खात नव्हते," एवढंच म्हणाली आणि रडली.

नव्या इन्सुलिननं साखर उतरली, पण अंगठा वाचला नाही. आईला दवाखान्यातून घरी आणल्यावर दादा मान खाली घालून तिच्या पलंगापाशी बसला. आईनं हात पुढे केला.

"कपाटाची किल्ली दे."

त्यानं खिशातून जुडगा काढला. गाडीची किल्ली कंपनीनं काढून घेतली होती. आता त्यात तेवढी एकच उरली होती.